कोरड्या नाल्याची साक्ष

मी एका नाल्याबद्दल खोटं बोललो. कोर्टात नाही, शपथेवर नाही. वैशाखातल्या एका सकाळी, नाल्याच्या कोरड्या पात्रात उभा राहून, एका सरकारी साहेबाला मी दोन उत्तरं दिली आणि दोन्ही खोटी होती. त्या वेळी मी सौसरच्या कॉलेजात भूगोल शिकत होतो, म्हणजे चुकून बोललो असं म्हणायलाही मला जागा नाही. त्या दोन उत्तरांमुळे वरच्या टोल्याची, म्हणजे डोंगरातल्या वस्तीची, माणसं अजून पावसाळ्यात अडकून पडतात आणि एका बाईचा पाय जन्माचा वाकडा झाला. हे सगळं मी कसंबसं पचवलंही असतं. पण ज्यांचं मी वाईट केलं, ती माणसं पुढं कितीतरी वर्षं मलाच आपला माणूस समजत राहिली आणि मी ते समजू दिलं. ते मला पचलं नाही.

आमचं गाव सौसर तहसिलीत, घाटाच्या पायथ्याशी. गावाच्या दक्षिणेला संत्र्याचे बगीचे, पऱ्हाटीची वावरं आणि नागपूरकडं जाणारा सपाट रस्ता. उत्तरेला एकदम सातपुडा उभा. समुद्र इथून कुठल्याही बाजूनं इतका लांब की आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी तो न पाहताच डोळे मिटले. आमचं सगळं जगणं घाटाच्या वर आणि खाली असं विभागलेलं होतं. जिल्ह्याची कचेरी तेव्हा वर, छिंदवाड्याला. त्यामुळं ‘वर जाऊन राहिलो’ असं कुणी म्हटलं की तो कचेरीच्या कामाला निघाला हे समजायचं, आणि संध्याकाळी परत आल्यावर त्याचं तोंड पाहून काम झालं नाही हेही समजायचं. एसटीसारख्या त्या खडखडत्या बसचा कंडक्टर पायथ्यापर्यंत मराठी बोलायचा आणि घाटाचं पहिलं वळण लागलं की हिंदी. त्याला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. वरचे लोक आम्हाला ‘नीचेवाले’ म्हणायचे, आम्ही त्यांना त्याहून वाईट काहीतरी म्हणायचो. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांवर दगड मारतात, तिथं निदान मारणारा दिसतो. कचेरीतून आलेला दगड कुणी मारला ते दिसत नाही.

या वर आणि खाली यांच्या मधोमध, डोंगराच्या कुशीतल्या सपाटीवर वरचा टोला होता. थोडी गोंडांची घरं, थोडी बौद्धांची. कोदो, कुटकी, थोडी जवारी, शेळ्या आणि मोहाची झाडं. टोला आमच्या पंचायतीत मोडायचा. राशनचं दुकान, दवाखाना, मतदान, सगळं खाली आमच्या गावात. अंतर पाहिलं तर जवळच. नाल्याच्या कडेकडेनं पायवाट होती, उतरायला फारसा वेळ लागत नसे. पण ती वाट तोच नाला, बेलनाला, ओलांडून यायची, आणि पावसाळ्यात बेलनाला कुणाला ओलांडू देत नसे. टोल्याच्या दुसऱ्या बाजूला घाटावरचं गाव होतं. ते लांब, चढ होता, पण मधे पाण्याचा थेंब आडवा येत नव्हता; बारा महिने चालत जाता यायचं. म्हणून टोल्याच्या लोकांनी अर्ज केला होता की आम्हाला घाटावरच्या पंचायतीला जोडा. ती पंचायत दुसऱ्या तहसिलीत होती, पण जिल्हा तेव्हा एकच, त्यामुळं हे होऊ शकत होतं.

अर्जामागं यशवंत होता. यशवंत टोल्याचा, माझ्याच वर्गातला. आम्ही दोघं एकाच सायकलवरून सौसरला जायचो. जाताना मी चालवायचो, येताना तो, कारण जाताना उतार जास्त. त्याच्या आईला, गिरजामायला, मी लहानपणापासून ओळखत होतो. ती आमच्या बगीच्यात संत्रा तोडाईला यायची आणि दुपारी आमच्या पडवीत बसून घरून आणलेली कण्यांची भाकर खायची. माझी आई तिला वाडग्यात वरण द्यायची, पण वाडगं वेगळं असायचं, ते गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेलं असायचं. मला ते दिसत होतं. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं वाटलं नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

घरात बोलणं कमी आणि आवाज फार. पहाटे मोटेच्या जागी आलेल्या इंजिनाची धडधड, मग बाबांचं खाकरणं, मग जातं. बाबा गावचे पटेल आणि सरपंचही. त्यांना कुणाशी प्रेमानं बोलताना मी ऐकलं नाही. बैलांशी थोडंफार बोलायचे. मी भूगोल घेतला तेव्हा ते महिनाभर प्रत्येक जेवणाला तेच विचारायचे. ‘भूगोल शिकून काय करशीन रे? घाट फुटपट्टीनं मोजशीन?’ आई पानगे आणि वांग्याची भाजी वाढत असायची, ती म्हणायची, ‘जेवू द्या त्याले.’ बाबा म्हणायचे, ‘जेवू दे ना. आपल्याच घरचं तं जेवून राहिला, त्याचा भूगोल थोडाच आणून देऊन राहिला.’

टोल्याच्या अर्जाची खबर आली त्या दिवशी मात्र त्यांना माझ्या भूगोलाची आठवण झाली नाही. ते ओसरीवर येरझारा घालत होते. ‘टोला गेला तं मतं गेले,’ ते पटवाऱ्याला म्हणाले. ‘अन् मतं जाऊ दे, तोडाईले माणसं कुठून आणाचे? घाटावरच्या पंचायतीत गेले का तिकळचे ठेकेदार कामाले लावतीन त्यायले.’ मग माझ्याकडं वळून, ‘तुह्या दोस्तानं लावला हा उद्योग. सायकलवर बसवून कालेजात नेलं ना तू त्याले? आता भोग.’

कधीतरी हे लिहायचं तर पुढचंही लिहावं लागणार, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं. मी बाबांच्या भीतीनं खोटं बोललो असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. ते अर्धं खरं. त्याच वर्षी प्रॅक्टिकलला आम्हाला आपापल्या गावच्या परिसराचा समोच्च रेषांचा नकाशा काढायला सांगितला होता. यशवंतनं बेलनाल्याचा काढला. सरांनी तो भिंतीवर लावला आणि पोरांना म्हणाले, ‘पाहा, याला म्हणतात जमीन वाचणं.’ माझा नकाशा त्यांनी नुसता परत केला. वर्षभर त्या भिंतीखालून जाताना मी वर बघायचो नाही.

आता पूरमायबद्दल सांगतो. पायवाट नाला ओलांडते त्या जागी काठावर एक उंच, उभा खडक आहे, तीच पूरमाय. दरवर्षी पूर ओसरला की सगळ्यात आधी जो माणूस नाला पार करील त्यानं त्या खडकावर, पाणी जिथवर चढलं होतं तिथवर, शेंदूर लावायचा आणि पाया पडून पुढं जायचं, ही टोल्याची रीत. आमच्या गावातल्या बायाही ती पाळायच्या. माझी आई दर आषाढात नारळ पाठवायची. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं तो खडक पायथ्यापासून माणसाच्या डोक्याच्याही वरपर्यंत लाल झालेला होता. म्हणजे बेलनाल्याला किती पाणी येतं हे सांगायला नकाशाची गरज नव्हती, यशवंतच्याही नाही. नुसतं त्या खडकाकडं बघायचं.

मौका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहायला नायब तहसीलदार येणार होते. यशवंतनं ठरवलं होतं की साहेब जीपनं घाटातून वर जातील, घाटावरच्या गावाकडून कच्च्या रस्त्यानं टोल्यावर येतील, आणि मग तो स्वतः त्यांना नाल्यापर्यंत उतरवून पूरमाय दाखवील. पण साहेब सकाळी आमच्या घरी उतरले. बाबांनी आदल्या दिवशीच पटवाऱ्याला पाठवून तशी व्यवस्था केली होती. आईनं आमरस केला होता, कुरड्या तळल्या होत्या, सांडग्यांचा रस्सा होता. साहेब कुठल्यातरी उत्तरेकडच्या गावचे, उन्हानं हैराण झालेले. जेवताना खूश झाले, पण बोलण्यात तिरकसपणा होता. ‘आप लोग एमपी में रहते हो, पर काय-काय नहीं छोड़ते,’ ते आमच्या मराठीवरून म्हणाले. बाबा हसले. बाबा फक्त साहेबांपुढं हसायचे.

‘साहेब, जीपनं जासान तं आख्खा दिवस जाईन,’ बाबा म्हणाले. ‘पैदल रास्ता है. नजदीक है. मेरा लड़का ले जाएगा, कालेज में पढ़ता है.’ मग मी चपला घालत होतो तेव्हा जवळ येऊन हळूच, ‘पाण्याचं विचारलं तं कमी सांगजो. बाकी तोंड बंद.’

उन्हात वाट चढायला लागलो. पटवारी मागं, साहेब मधे, मी पुढं. नाला ठणठणीत कोरडा होता. मोठमोठे धोंडे, मधे रेती, कुठं कुठं वाळलेला पाला. आमच्या पुस्तकातल्या नकाशांत पाणी असलेला प्रवाह निळ्या रेघेनं आणि कोरडा काळ्या रेघेनं दाखवलेला असायचा, आणि सर सांगायचे की काळी रेघ पाहून फसू नका, नकाशा काढणारा उन्हाळ्यात आला असेल. पात्रात उतरल्यावर साहेब सावलीला थांबले. पलीकडच्या काठावर शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागं गिरजामाय उभी होती, हातात काठी घेऊन, आमच्याकडं टक लावून.

साहेबांनी विचारलं, ‘इसमें बरसात में कितना पानी आता है?’

‘घुटने तक, साहब,’ मी म्हणालो. ‘दो-चार घंटे में उतर जाता है.’

हे पहिलं. हे बाबांनी सांगितलेलं. पण साहेब मूर्ख नव्हते. त्यांची नजर खडकावर गेली. ‘और ये क्या है? इतना ऊपर तक सिंदूर?’

पटवाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पटवारी काहीतरी बोलला असता. पण मला सुचलं. खरं सांगतो, सुचल्याचा आनंद झाला. वर्षभर त्या भिंतीवरच्या नकाशाखालून चाललेला मी, मला वाटलं, बघ यशवंत, जमीन मलाही वाचता येते. मी म्हणालो, ‘ये हमारे गाँव की सीमा का देव है, साहब. पुराना है. गाँव की हद यहाँ से ऊपर तक जाती है, टोला पहले से हमारे में ही है.’ आणि ते खरं वाटावं म्हणून मी चपला काढल्या, खडकापुढं गेलो आणि दोन्ही हात जोडून वाकलो. साहेबांनीही बूट न काढता हात जोडले.

पलीकडच्या काठावरून गिरजामायनं ते पाहिलं. तिला आमचं बोलणं ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिनं एवढंच पाहिलं की पटेलाच्या पोरानं साहेबाला पूरमायजवळ नेलं, खडक दाखवला, चपला काढून पाया पडला. ती हात उंच करून टोल्याकडं पळत सुटली.

आम्ही वर पोचलो तेव्हा टोल्याची माणसं लिंबाखाली जमलेली होती. खाट टाकलेली, वर धुतलेली चादर, माठातलं पाणी, चहा. यशवंत पांढरा शर्ट घालून उभा. गिरजामायनं सांगितलं असलं, तरी साहेब माझ्यासोबत खालून आलेले पाहून त्याचा चेहरा पडला, तो पुढं आला. ‘साहब, आप नाले तक चलिए मेरे साथ, मैं दिखाता हूँ.’

‘नाले से ही तो आ रहे हैं, भाई,’ साहेब घाम पुसत म्हणाले. ‘सब देख लिया.’

‘वो बड़ा पत्थर देखा? सिंदूर वाला?’

‘हाँ हाँ, देखा. हाथ भी जोड़ लिए.’

यशवंतनं माझ्याकडं पाहिलं. गिरजामाय त्याच्या मागून म्हणाली, ‘यानंच दाखवलं. म्या पाह्यलं ना, चप्पल काळून पाया पडला पोट्टा.’ यशवंत माझ्याजवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाला, ‘बापाच्या घरून येऊन तू हे केलं बे. नाई विसरणार मी.’

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. साहेब समोर खाटेवर बसलेले होते, चहा अजून गार व्हायचा होता. मी म्हणालो, ‘चाल, उशीर झाला.’

रात्रीच्या जेवणाला बाबा पहिल्यांदा माझ्यावर खूश होऊन हसले. पटवाऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं होतं. ‘पोट्ट्यानं देवच बदलून टाकला!’ ते म्हणाले आणि स्वतःच्या ताटातली कुरडई उचलून माझ्या ताटात टाकली. आई भात वाढत होती. तिचा हात थांबला. ‘पूरमायले शिवेचा देव म्हनलं तू?’ मी मान खाली घातली. ‘हात जोळून?’ बाबा म्हणाले, ‘तू गप बस.’ आईनं भाताचं भांडं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, ‘उद्या मले माय नाई म्हनलं तरी जमन तुले.’ त्यानंतर ती दरवर्षी आषाढात नारळ पाठवायची नाही, स्वतः घेऊन जायची. मरेपर्यंत. मला सोबत ये असं कधी म्हणाली नाही.

हुकूम आला. टोला अंतरानं जवळ आहे, मार्गात कायमस्वरूपी अडथळा नाही, सबब मागणी अमान्य. यशवंत पेटला. पण त्याचा राग वरच्या दिशेनं गेला, कचेरीवर. ‘पाह्यलं, हात जोळले, अन् तरी लिहिलं नाई,’ तो म्हणायचा. ‘हे वरचे लोक, त्यायले आपल्याशी वैर आहे.’ तो परत परत घाट चढून छिंदवाड्याला जायचा, बाबूंशी भांडायचा, एकदा शिपायानं त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. आमच्या गावातही टोल्याशी उघड दुष्मनी सुरू झाली. राशनच्या रांगेत टोल्याच्या बाया दिसल्या की कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं विचारायचं, ‘काहो, गेले नाई का घाटावर? नाई घेतलं का तिकळच्यायनं?’ दुकानदार त्यांचा माल शेवटी मोजायचा. त्या पिशव्या उचलून निघायच्या, आणि परत जाताना वाटेत मी दिसलो तर त्यांच्यातली एखादी थांबून मला मोहाची फुलं, कधी पानात बांधलेला मध द्यायची. ‘आमच्यासाठी तू खरं बोलला बाप्पा.’ मी तो मध घ्यायचो. घरी आणून ठेवायचो. खाल्लाही आहे.

पुढच्या पावसाळ्यात गिरजामाय राशन घेऊन परत जात असताना नाल्याला अचानक पाणी आलं. वर कुठंतरी पाऊस झाला असावा, खाली तर ऊन होतं. ती नुकतीच पात्रात उतरली होती, पूरमायच्या पायथ्याशी. धोंड्यांच्या फटीत तिचा पाय अडकला आणि पाण्यानं तिला ओढलं. पाय अडकला म्हणून ती वाहून गेली नाही, आणि अडकला म्हणूनच मोडला. पाणी उतरेपर्यंत ती पूरमायच्या खडकाला धरून होती. तिला खाटेवर घालून आमच्या गावात आणलं तेव्हा दवाखाना बंद होता. मी खाटेजवळ उभा होतो. तिचे ओठ निळे पडले होते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘तू तं सांगतलं होतं ना रे. त्यायनंच नाई आयकलं.’

मी हात सोडवून घेतला आणि बैलगाडी आणायला गेलो. त्या कामात मी फार धावपळ केली. लोकांनी त्याचंही कौतुक केलं.

नंतरची वर्षं भराभर गेली. बाबा गेले, आई गेली. मी सौसरच्या शाळेत शिक्षक झालो. यशवंत वीज खात्यात लागला, लोधीखेड्याकडं राहायला गेला. टोल्याची कितीतरी घरं पावसाळ्याला कंटाळून खाली उतरली आणि आमच्याच बगीच्याच्या कडेला झोपड्या घालून राहिली, म्हणजे बाबांना पाहिजे होतं तेच झालं. गिरजामाय उतरली नाही. मी दरवर्षी पोरांना भूगोल शिकवतो. काळ्या रेघेचा धडा आला की फळ्याकडं तोंड करून शिकवतो.

मग आमचा नवीन जिल्हा झाला. पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण, सौसर त्यात. कचेरीसाठी घाट चढायचं संपलं म्हणून लोकांनी फटाके फोडले; सौसरच्या काही लोकांनी तोंड वाकडं केलं, की कचेरी आपल्याकडं का नाही. मीही शाळेत पेढे वाटले. त्या आनंदात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती मला यशवंतनं येऊन सांगितली. घाटावरचं गाव जुन्या जिल्ह्यात राहिलं होतं आणि टोला आमच्यासोबत नव्या जिल्ह्यात आला होता. पूर्वी दोघांच्या मधे तहसिलीची रेघ होती, आता जिल्ह्याची झाली.

तो रविवारी दुपारी घरी आला. केस पांढरे झालेले, पण शर्ट तसाच, पांढरा. बायकोनं चहा ठेवला. तो म्हणाला, ‘सुधाकर, हे शेवटचं आहे. हरकत घेऊन राहिलो मी. रेघ पक्की झाली का मग कोणाचा बाप नाई बदलू शकत. कलेक्टरसमोर सांगाले माणूस पाह्यजे, का तेव्हा साहेबाले पुराचं सांगतलं होतं अन् त्यानं लपवलं. पटवारी मेला. तू एकटा आहे.’

मी म्हणालो, ‘यशवंत, मी सांगितलं नव्हतं.’

त्याला वाटलं मी भितो आहे. ‘मास्तर झाला तं भेतो का बे आता? तुह्या बापाले नाई भेला तवा.’

मग मी सगळं सांगितलं. गुडघ्याएवढं पाणी, शिवेचा देव, काढलेल्या चपला. भिंतीवरच्या नकाशाचंही सांगितलं. तो कपाकडं बघत ऐकत होता. चहावर साय आली. माझं संपल्यावर त्यानं कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, ‘वरच्यायले शिव्या देल्या मी आख्खी जिंदगी. त्या शिपायाच्या अंगावर गेलो होतो. अन् घरी येऊन तुह्यासोबत चहा पेत होतो.’

‘मला गिरजामायची माफी मागायची आहे,’ मी म्हणालो.

‘खबरदार!’ तो उभाच राहिला. आतून बायको बाहेर आली. ‘मायजवळ जायाचं नाई आधी. आधी पांढुर्ण्याले जाय. जे मले सांगतलं थे तिथं सांग, सगळ्यायसमोर. मायले आधी सांगशीन तं थे म्हातारी माफ करून टाकीन, अन् तुह्या मनाचं ओझं उतरलं का तू कचेरीत जाशीन नाई. ओळखतो मी तुले आता.’

मी गेलो. पांढुर्ण्याच्या कचेरीत, भरल्या सभागृहात, आमच्याच गावच्या लोकांसमोर उभा राहून सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘पटेलाचं नाव घालवलं मास्तरनं!’ दुसरा म्हणाला, ‘आता सुचलं याले, बाप मेल्यावर.’ माझा चुलतभाऊ माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. समोरच्या तरुण अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता हा दोन जिल्ह्यांचा विषय आहे, वर पाठवावा लागेल. वर म्हणजे आता भोपाळ. ते काय करतील मला माहीत नाही; हे लिहीपर्यंत काही आलेलं नाही.

त्यानंतरच्या आषाढात यशवंत मला घेऊन गेला. वाटभर तो माझ्या पुढं चालत राहिला. आदल्या दिवशीचा पूर ओसरला होता, पण नाला अजून वाहत होता, घोट्यापेक्षा थोडा वर, गढूळ, आवाज करत. गिरजामायला दोघांनी धरून अलीकडं आणून पूरमायजवळ बसवलं होतं. वाकडा पाय पुढं पसरून ती धोंड्यावर बसली होती. पलीकडच्या काठावर, जिथं ती त्या दिवशी शेळ्या घेऊन उभी होती, तिथं टोल्यातली उरलेली माणसं उभी होती. सगळ्यांना सगळं माहीत झालेलं होतं. कुणी हात वर केला नाही.

मी चपला काढल्या आणि तिच्यापुढं गेलो.

‘चप्पल घाल,’ ती म्हणाली.

मला समजलं नाही.

‘घाल पायात. तवा काळली होती तू. मले वाटलं देवासाठी काळली. आज घालून बोल.’

मी परत गेलो, ओल्या पायांत चपला घातल्या आणि येऊन उभा राहिलो. बोलायला लागलो तर तिनं काठीनं पलीकडचा काठ दाखवला. ‘मले नको सांगू हळूहळू. तिकळं आयकू गेलं पाह्यजे. पाण्याच्या वर बोल.’

म्हणून मी ओरडून बोललो. वर्गात कधी इतक्या मोठ्यानं बोललो नसेन. ‘साहेबानं विचारलं होतं, पाणी किती येते. मी म्हनलं, गुडघ्याएवढं. हा दगड कायचा म्हनलं, तं मी म्हनलं, शिवेचा देव. हे पूरमाय होय हे मले माहीत होतं. पाणी कुठवर चढते हे मले माहीत होतं. बाबानं पाण्याचं सांगतलं होतं, देवाचं मी माह्या मनानं बोललो. गिरजामाय, तुह्या पायाले मी कारण आहो. तुमचा मध मी खाल्ला. मी चुकलो. मले माफ करा.’